घरचा हात

धुपाच्या झाडाला लोखंड लागलं की ते आधी काहीच करत नाही. मग कापाच्या कडेने दुधासारखे बारीक थेंब येतात, फुगतात, ओघळता ओघळता थांबतात आणि पंधरा दिवसांत उन्हाने कडक होऊन बसतात. त्या थेंबांवर अख्ख्या गावाचं पोट होतं. पुरुष दगडी उतारावर जाऊन काप घालायचे आणि बायका खाली पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून खडे निवडायच्या. पांढरा-हिरवट एका ढिगात, पिवळा दुसऱ्या, साल चिकटलेला काळपट तिसऱ्या. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीच्या बोटांना, केसांना, पदराला तोच वास. वासावरून चोर धरायचा म्हटलं असतं तर गावात एकही साव उरला नसता.

शेडमधल्या त्या बायकांत एक होती, तिला सगळे पारखी म्हणत. खडा उजेडाकडे धरून तो कुठल्या उतारावरचा, कोणत्या फेरीचा, एवढंच नाही तर कुणाच्या हातचा, हे ती सांगायची. नवऱ्याने उतरवलेला माल तर ती डोळे मिटून ओळखायची. नवऱ्याला गावात डावरा म्हणत, कारण तो सगळी कामं डाव्या हाताने करी. दोन हंगामांपूर्वी कड्यावरच्या झाडाला काप घालताना तो खाली कोसळला. तेव्हापासून पारखी उतारावर गेली नव्हती. शेडच्या दाराकडे ती पाठ करून बसायची, म्हणजे उतार दिसायचा नाही.

पण उतार न बघून तो टळत नव्हता. गावचा शिरस्ता असा होता की ज्या उताराला तीन हंगाम घरच्या हाताचं लोखंड लागलं नाही, तो उतार जवळच्या भाऊबंदाकडे जायचा. मजूर लावून चालत नव्हतं, हात घरचाच लागायचा. आणि उतार ज्याचा, पायथ्याचं घरही त्याचंच. मधले दोन हंगाम कोरे गेले होते, हा तिसरा होता. घरात उरल्या होत्या दोन बायका, पारखी आणि तिची सासू. बाईने झाडाला लोखंड लावलं तर झाड आटतं, असं कुणीतरी कधीतरी म्हणून ठेवलं होतं. म्हणणारा मेला, त्याची हाडंही उरली नसतील, पण म्हणणं मात्र चांगलं धडधाकट होतं.

भाऊबंद म्हणजे डावऱ्याचा चुलतभाऊ. गावातला माल जीपमधून तोच बाजाराला न्यायचा. माणूस वाईट नव्हता. बोलायला तर इतका गोड, की ऐकणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटावं. हंगामाच्या सुरुवातीलाच येऊन त्याने वहिनींना सांगितलं होतं, की काळजी करू नका, घर माझ्याकडे आलं तरी मागची खोली तुमचीच. मागच्या खोलीत तेव्हा शेळी बांधलेली असायची. पारखीने मान हलवली होती आणि खडे निवडत राहिली होती.

पहिली फेरी संपत आली होती तेव्हा एका सकाळी तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला. जीपची किल्ली नेहमीसारखी बोटावर फिरवत नव्हता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"वहिनी, उतारावर कुणाला पाठवलंत?"

तिने कुणालाच पाठवलं नव्हतं.

"मग काप कुणी घातले?" तो म्हणाला, आणि जरा थांबून, बाकीच्या बायकांकडे न बघता, "डावे आहेत."

शेडमधले सगळे हात थांबले.

गावात झाडांच्या हद्दी सांगणारे एक म्हातारे होते, त्यांना लहानथोर सगळे हद्दकाका म्हणत. कुणाचं झाड कुठे संपतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्याच दुपारी ते काठी टेकत वर गेले, मागून चुलतदीर, आणि त्याच्यामागून पारखी. दोन वर्षांत पाय कच्चे झाले होते. शिवाय ती कड्याकडे बघायचं टाळत चालत होती, त्यामुळे दोनदा ठेचकाळली. धुपाच्या झाडाची साल कागदासारखी पापुद्रे सोडते. वारा आला की ते पापुद्रे फडफडतात आणि उतारभर कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय असं वाटतं. पूर्वी तो आवाज तिच्या कानावर पडायचासुद्धा नाही. त्या दिवशी तिने पदर कानावरून घेतला.

सहा झाडांना काप होते. उजव्या हाताचा माणूस काप घालतो तो उजवीकडून डावीकडे उतरतो. हे सगळे उलटे उतरलेले. तेवढ्यावर कुणी म्हटलं असतं की कुणीतरी थट्टा केली. पण हद्दकाका झाडाजवळ वाकले, चष्मा कपाळावर चढवला, आणि बोटाने कापाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ दाखवली. काप घालायला आखूड मुठीची, चपट्या पात्याची तासणी असते. डावऱ्याच्या तासणीच्या पात्यात मध्यभागी तांदळाएवढी खाच होती. पहिल्याच वर्षी पातं दगडावर बसलं होतं आणि त्याने ती खाच कधी घासून काढली नाही. म्हणायचा, सही आहे माझी. तो पडला तेव्हा ती तासणी सापडली नव्हती. दरीत गेली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

हद्दकाकांनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला. मग म्हणाले, हात घरचा आहे एवढं दिसतंय, कुणाचा ते हंगामाच्या शेवटी बघू. आणि चढायला लागला त्याहून कमी वेळात खाली उतरले.

गावात दुसरा विषय उरला नाही. शेडमधल्या बायका आधी घाबरल्या, मग आठवड्याभरात सरावल्या. त्यांच्यातली एक तोंडाळ होती, ती म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची तर मेल्यावरही गेली नाही, अजून डावखुराच. सगळ्या हसल्या आणि चोरून पारखीकडे बघू लागल्या. पारखीही हसत होती, आणि ते बघून मात्र त्या गप्प झाल्या.

कारण तिला आनंद झाला होता. लपवून काय उपयोग? दोन वर्षं तिने एकदाही स्वप्नात नवरा पाहिला नव्हता. आणि आता तो भर दिवसा काम करून जात होता. ती रोज दुपारी अर्धा तास सुटी मागून उतारावर जाऊ लागली. जाण्याआधी केस विंचरायची. नवीन काप मोजायची, त्यावरून बोट फिरवायची, आणि मधली रेघ बोटाला लागली की पुन्हा वरून सुरुवात करायची. वर कधीच कुणी दिसायचं नाही. पण चढ उन्हाचा, आणि तो घरातून निघताना पाणी न्यायला विसरायचाच. जिवंत असताना हजारदा विसरला होता. म्हणून तिने एके दिवशी पाण्याची बाटली वळणावरच्या मोठ्या झाडाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी होती. झाकण नीट लावलेलं.

पारखी तिथेच खाली बसली. ती एकटीच हसत होती. मग तिने बाटली भरून आणली आणि पुन्हा ठेवली, आणि त्यानंतर रोज ठेवत गेली.

घरी सासूला यातलं काही सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड-अंधार कळायचा, समोर माणूस उभा आहे हे कळायचं, चेहरा कळायचा नाही. डोळ्यांसाठी शहरात न्यायचं ठरलं होतं, त्याच महिन्यात मुलगा गेला, आणि मग म्हातारी म्हणाली की आता बघायचंय काय. सकाळी शेळीच्या गळ्यात दोरी बांधून ती चरायला न्यायची. खरं तर शेळीच तिला न्यायची. संध्याकाळी सुनेने विचारावं, आई, कुठवर गेला होतात? म्हातारीने म्हणावं, हिने नेलं तिथवर. एवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं. गावातल्या बातम्या म्हातारीच्या कानावर आल्या तेव्हा तिने फक्त विचारलं, काप खोल आहेत का उथळ? पारखी म्हणाली, बेताचे आहेत, जसे हवेत तसे. म्हातारी मग जेवली आणि झोपली. पारखीला वाटलं, आईचं काळीज आहे, दगड झालंय.

दुसऱ्या फेरीला कापाची जागा पुन्हा तासावी लागते. पहिल्या फेरीचा डिंक कुणी घेत नाही, खरवडून झाडाखाली टाकतात, तो झाडाचा वाटा. खरा माल नंतर येतो. पंधरा दिवसांनी एका दुपारी पारखी नेहमीसारखी वर गेली तेव्हा पहिली सहा झाडं नीट खरवडून पुन्हा तासलेली होती. त्या दिवशी ती तशीच पुढे गेली, इतके दिवस न ओलांडलेल्या वळणापलीकडे. आणि तिथे थबकली.

वळणापलीकडे अकरा झाडं होती. त्यांच्या बुंध्यांना चुन्याचे पांढरे पट्टे होते. डावऱ्याने मरण्याच्या आधीच्या हंगामात घराला चुना लावला होता आणि उरलेला चुना बादलीत घेऊन दोघं इथे आली होती. ती बादली तिनेच वर आणली होती. ही अकरा फार दमलीत, तो म्हणाला होता, पाच वर्षं यांना झोपू दे, मी जरी आलो तरी मला हात लावू देऊ नकोस. पट्टा मारलेल्या झाडाला लोखंड लावायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. सतत कापलेलं झाड कसंबसं तग धरतं, न दमलेलं दोन हंगाम कोरं राहिलं तरी बिघडत नाही, पण दमून विसाव्याला टाकलेलं झाड मध्येच उठवलं तर ते सगळं दूध एकदम सोडतं आणि मग आटतं.

अकरापैकी सात झाडांना ताजे काप होते. पट्ट्याच्या वीतभर वर. डावे, मधोमध रेघ असलेले. दूध पट्ट्यावरून ओघळून जमिनीपर्यंत गेलं होतं.

ती त्या झाडांपुढे किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. आधी तिला राग आला, त्याच्यावर. तू सांगून गेलास आणि तूच? असं तिने मोठ्याने विचारलंसुद्धा. पापुद्रे फडफडले. मग राग उतरला आणि त्याखाली जे होतं ते वर आलं. तो हे करणार नाही. वेडा झाला, मेला, भूत झाला, काहीही झाला तरी डावरा विसाव्याच्या झाडाला हात लावणार नाही. अकरा वर्षं तिने त्याच्याबरोबर संसार केला होता. त्याच्याबद्दल तिला खात्रीने माहीत असलेली एकच गोष्ट कुणी विचारली असती तर तिने हीच सांगितली असती.

म्हणजे तो नव्हता. कधीच नव्हता.

तो पडला त्या दिवशी तिला रडू आलं नव्हतं. गर्दी होती, घाई होती, बायकांनी धरून ठेवलं होतं. त्या दुपारी उतारावर कुणीच नव्हतं. ती पट्ट्याच्या झाडाला कपाळ टेकवून रडली, तोंडात पदर कोंबून. रडून झाल्यावर कपाळाला चीक लागला होता आणि त्यात केस अडकले होते.

संध्याकाळी ती शेळीला पाणी दाखवत होती. शेळीने मान वर केली तेव्हा तिच्या दाढीचे केस एकमेकांना चिकटलेले दिसले. पारखीने ते बोटांत धरले. ओला चीक होता, पांढरा-हिरवट, पहिल्या प्रतीचा. बरीच वर्षं विसावलेल्या झाडाचा. गावात त्या दिवशी तसला चीक एकाच ठिकाणी सांडला होता. शेळी तो चाटायला गेली असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पारखीने घरात पाहिलं. म्हातारी चुलीपुढे बसून हात शेकत होती. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी पारखी शेडमध्ये गेली नाही. डोकं दुखतंय असं कळवलं आणि सासू निघाल्यावर अंतर ठेवून मागे निघाली. शेळी पायथ्याशी रेंगाळलीसुद्धा नाही. तिला वाट माहीत होती. दोरी ताणली जायची, म्हातारी एक पाऊल टाकायची, पाऊल टाकण्याआधी दगड अंगठ्याने चाचपायची. वळणाशी ती थांबली, मोठ्या झाडाखाली हात फिरवला, बाटली उचलली, अर्धं पाणी प्याली, थोडं शेळीला तळहातावर दिलं, झाकण लावून बाटली होती तिथे ठेवली. मग पुढे जाऊन एका पांढऱ्या पट्ट्याच्या झाडाला तिने दोन्ही हातांनी कव घातली. साल चाचपली. जुने काप कुठे भरून आलेत ते शोधलं. तिचा चेहरा अंघोळ घालताना मूल चाचपणाऱ्या बाईसारखा झाला होता. आणि मग कनवटीतून तिने तासणी काढली, डाव्या हातात धरली, आणि एका दमात, वरून खाली, काप घातला.

पारखीने तिला आयुष्यात कधी डावा हात वापरताना पाहिलं नव्हतं. जेवताना उजवा, निवडताना उजवा, मारतानासुद्धा उजवा.

"आई," ती म्हणाली.

म्हातारी दचकली नाही. तासणी मात्र तिने पटकन पदराआड घेतली. मग आवाज ओळखून पुन्हा बाहेर काढली.

"पाणी ठेवत होतीस ते बरं होतं," ती म्हणाली. "चढ लागतो."

म्हातारी खाली बसली, पाय लांब केले, आणि विचारल्याशिवाय सांगू लागली. ती मुळात डावरी, आणि माहेर याच गावातलं. लहानपणी बापाने डावा हात कमरेला बांधून ठेवला होता, दोन वर्षं, मुलगी आहे म्हणून. हात बांधला, खोड बांधता आली नाही. बकऱ्या चारताना बापाची तासणी चोरून तिने याच उतारावर काप घातले होते, आणि झाडं काही आटली नव्हती. मुलगा डावा निघाला तेव्हा तिने घरात सांगून टाकलं, याचा हात कुणी बांधायचा नाही. पहिला काप त्याला तिनेच शिकवला. इथेच, त्याच्या मागे उभं राहून, हातावर हात ठेवून.

"आणि तासणी?"

"त्याच्या मुठीत होती. घरी आणला तेव्हा मूठ आवळलेली. बाकीच्यांना वाटलं नुसतीच मूठ आहे. पातं बाहीत शिरलं होतं. मी एकेक बोट सोडवलं." म्हातारीने तासणी मांडीवर ठेवली. "घर जाऊ द्यायचं नव्हतं गं. तुझ्या सासऱ्याने बांधलंय ते. तुझा हात चालणार नाही, लोक आरडाओरड करतील. मेलेल्याच्या हाताला कोण काय म्हणणार?"

हे सगळं खरं होतं, आणि हुशारीचं होतं, आणि पारखी तिच्या पाठीमागच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होती. म्हातारीची पाठ त्या पट्ट्याला टेकलेली होती. पाठीला चुना लागला होता. चुना डोळ्यांसाठी असतो, बोटांना तो सालीच्या पापुद्र्यासारखाच लागतो. सांगू नये, असं तिने ठरवलं. काय उपयोग सांगून? हळूच दुसऱ्या झाडांकडे वळवावं, म्हणजे झालं.

"काप कसे आहेत?" म्हातारीने विचारलं. "त्याच्यासारखे?"

"हुबेहूब."

म्हातारी खूश झाली. हाताला लागलेला चीक बोटांत चोळत, हुंगत बसली. चोळता चोळता तिचं बोट मंदावलं.

"फार दूध आहे यांना," ती म्हणाली. "पहिल्या सहांना एवढं नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "विसाव्याची आहेत का गं ही?"

पारखीने शेळीची दोरी उगाच सरळ केली.

"बोल की."

"हो," पारखी म्हणाली. "यांनी पट्टे मारले होते."

"किती?"

"अकरा. सात झाली होती. आता आठ."

वारा पडला होता. म्हातारीने मागे हात नेऊन बुंधा चाचपला, मग बोटं एकमेकांवर घासली, आणि यावेळी तिला चुना कळला. तासणी तिने जमिनीवर ठेवली आणि हाताने लांब सारली, जशी एखादी वस्तू आपली नाही म्हणून सारतात. मग म्हणाली, लेकाने झोपवून ठेवली होती, आणि मी आई असून उठवली. पारखी तिच्याशेजारी जाऊन बसली. शेळी दोघींकडे बघून ओघळ चाटायला गेली तेव्हा पारखीने तिला दगड मारला.

तासणी पारखीने उचलून कमरेला खोचली. त्यानंतर म्हातारीने तिला हात लावला नाही. शेळी चरायलाही नेली नाही. दाराशी बसून राहायची, डावा हात उजव्या हाताने धरून.

हंगामाच्या शेवटी हद्दकाका आले. चुलतदीर होता आणि त्याच्यामागे निम्मं गाव. एव्हाना पट्ट्याच्या दोन झाडांची पानं गळून पडली होती. खाली पाचोळा, वर नुसत्या काड्या. हद्दकाकांनी काप पाहिले, सगळे एकाच हाताचे, आणि म्हणाले की डावऱ्याचा हात म्हणून लिहून घ्यायला त्यांना भीती वाटते, पण दुसरं काही लिहिता येत नाही. म्हणजे गप्प राहिलं असतं तरी काम झालं असतं. घर राहिलं असतं, उतार राहिला असता. गावाने वर्षानुवर्षं सांगितलं असतं, की बायकोसाठी डावरा येऊन काप घालून गेला.

आणि त्या दोन झाडांचं पापही त्याच्याच माथी राहिलं असतं. विसाव्याची झाडं कापणारा म्हणून. हे पारखीला सोसणार नव्हतं.

"यांचा हात नाही हा," ती म्हणाली. "माझ्या सासूचा आहे. त्यांना पट्टे दिसले नाहीत."

मग एकच गलका झाला. चुलतदिराने हात वर करून तो थांबवला. वहिनी भाबड्या आहेत, तो म्हणाला, पण आता त्यांनीच सांगितलंय तर आपण काय करणार, बाईचं लोखंड लागलं आणि झाडं आटली, समोर दिसतंय. पारखी म्हणाली की विसाव्याचं झाड पुरुषाने कापलं असतं तरी आटलं असतं. पहिली सहा बघा, ती कशी हिरवी आहेत. लोकांनी पाहिली. ती हिरवी होती.

हद्दकाकांनी काठीवर हनुवटी टेकली. शिरस्ता घरचा हात म्हणतो, ते हळूहळू म्हणाले, पुरुषाचा म्हणत नाही. पण म्हातारी आज आहे, उद्या नाही, आणि आता ती लोखंड धरत नाही म्हणतात. घरात धरणारं कुणी आहे का? असेल तर माझ्यासमोर एक काप घालावा, नाहीतर उतार भावाकडे.

पारखीने कमरेची तासणी काढली. ती रोज बरोबर आणत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. उजव्या हातात धरून पाहिली तर पातं सालीवरून नुसतं घसरलं. वर्षानुवर्षं डाव्या हाताने वापरून ती एका अंगाने झिजली होती. कुणीतरी हसलं. तिने तासणी डाव्या हातात घेतली आणि मग या झाडांना सोडून ती कड्याकडे चालू लागली. चुलतदीर घाबरून म्हणाला, वहिनी, तिकडे नको. यावेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता, खरी काळजी होती.

कड्यावरचं झाड खडकाच्या कपारीला धरून होतं. बुंधा खाली फुगलेला, खडकावर पंजा रोवल्यासारखा. दोन वर्षांत त्याला कुणी लोखंड लावलं नव्हतं. पारखी बसून, सरकत, एका हाताने मूळ धरून खाली उतरली. खाली बघितलं नाही. समोर बघितलं, आणि समोर काप होता.

अर्धा काप. वरून डावीकडून निघालेला, मधोमध रेघ घेऊन आलेला, आणि अर्ध्यावर थांबलेला. कडेला जुना डिंक काळपट पिवळा होऊन बसला होता, वाटाण्याएवढे तीन खडे. डोळे मिटूनसुद्धा ओळखता आले असते असे.

इथपर्यंत तो होता. त्यापुढे नव्हता. दोन वर्षं तिला याच जागेची भीती वाटत होती, आणि जागा एवढीशी होती, चार बोटांची. तिने खडे खरवडले नाहीत. तासणीचं पातं कापाच्या तुटक्या टोकाशी टेकवलं आणि खाच रेघेवर आली. ती मापात बसली. तिचा डावा हात अडाणी होता. तिने तो खाली ओढला.

झाडाने आधी काहीच केलं नाही. मग पांढरे थेंब आले.

हद्दकाका वर पालथे पडून, दोघांनी पाय धरलेले, खाली वाकून बघत होते. वरचा भाग जुना आहे, ते म्हणाले. पारखी म्हणाली, हो. खालचा माझा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. रेघ वरपासून खालपर्यंत अखंड होती, फक्त अर्ध्याखाली ती वेडीवाकडी गेली होती. ते उठले, अंगावरची माती झटकली, आणि चुलतदिराला म्हणाले, "हात घरचाच आहे. चला खाली."

घरी म्हातारी दाराशी बसली होती. पारखीचा डावा हात तिने हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता, त्यावरून बोट फिरवलं.

"कड्यावर गेली होतीस?"

"हो."

"तिथे अर्धा होता ना? मुठीतल्या तासणीला चीक होता, अर्ध्याच पात्यावर. मला वाटलंच होतं." मग तिने विचारलं, "पुरा केलास?"

"केला."

"मग आता तो यायचा नाही," म्हातारी म्हणाली.

पंधरा दिवसांनी पारखी खरवडायला वर गेली. पाण्याची बाटली तिने स्वतःसाठी भरून घेतली होती. वळणावर अर्धी प्याली, आणि सवयीने उरलेली मोठ्या झाडाखाली ठेवून पुढे गेली. पट्ट्याच्या झाडांपैकी तिसऱ्याचीही पानं गळायला लागली होती. बाकीच्यांवर तिने नवा चुना मारला, यावेळी खाली काथ्याची दोरीही बांधली, बोटांना कळावी म्हणून. काम संपवून परत आली तेव्हा बाटली होती तशीच अर्धी होती. ती तिने उभ्याउभ्याच संपवली आणि खाली उतरली.